इंदूअक्का आणि टीव्हीतल्या सुया

टीव्हीवर कुणी विणायला बसलं की इंदूअक्का आवाज बंद करत. मालिकेत त्या वेळी कुणाचं लग्न मोडत असो, नाहीतर कुणाचा खोटा बाप उघडा पडत असो, दोन सुया आणि लोकरीचा गुंडा दिसला की अक्कांचा हात रिमोटकडे जाई. मग त्या आपला पाट उचलून टीव्हीपासून हातभर अंतरावर नेऊन ठेवत, कपाळावरचा चष्मा नाकावर घेत, आणि त्या बाईच्या तोंडाकडे ढुंकूनही न बघता फक्त तिचे हात बघत बसत. अर्ध्या मिनिटात निकाल लागे.

"बाजू चुकली," अक्का म्हणत. "उसव."

पडद्यावरची बाई ऐकत नसे. ती आपली रडत, हसत, कट रचत विणत राही. अक्का पाट जागेवर आणत, आवाज चालू करत आणि मधल्या वेळात गोष्ट कुठवर आली ते मला विचारत. मीही त्यांच्याबरोबर हातच बघत बसलेला असे, त्यामुळे मला काहीच सांगता येत नसे.

मी वाईला कॉलेजला आलो तेव्हापासून अक्कांच्या वरच्या खोलीत राहतो. माझं गाव औंधच्या पलीकडचं. वडील दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवायचे, आईला सही येत नाही. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, म्हणून पहिल्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आलो होतो. तो शर्ट बघून अक्कांनी मला 'मास्तर' म्हणायला सुरुवात केली. पुढे मी खरोखरच मास्तर झालो, इथल्याच हायस्कूलमध्ये इतिहास शिकवतो, पण त्यांचं म्हणणं असं की मला मास्तर त्यांनी केलं, सरकारने फक्त ऑर्डर काढली. ते अगदीच खोटं नाही. दुसऱ्या वर्षाला माझा इंग्रजीचा पेपर राहिला तेव्हा मी दोन दिवस खाली उतरलो नव्हतो. तिसऱ्या दिवशी अक्का जेवणाचं ताट घेऊन वर आल्या, दारातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "उसव. परत घाल. त्यात रडायसारखं काय हाय?" मी पुन्हा अभ्यासाला बसलो. इतक्या कमी शब्दांत मला आजवर कुणी काही शिकवलेलं नाही.

'उसव' हा त्यांचा सगळीकडे चालणारा शब्द होता. भाजी खारट झाली, उसव. नगरपालिकेने रस्ता वाकडा केला, उसव. शेजारच्या मुलीचं जमलेलं लग्न त्यांना पसंत नव्हतं, तर तिच्या आईला गॅलरीतूनच सांगितलं, अजून दोनच ओळी झाल्यात, आताच उसवलेलं बरं. त्या शेजारणीने महिनाभर दही विरजणाला दिलं नाही.

अक्कांचे यजमान एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. ते जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. घरात दोन खोल्या, मागे लहानसं अंगण, आणि थंडीत त्या अंगणात दहा ते बारा ऊन येई. अक्का त्या उन्हात विणत बसल्या की लोकरीचे बारीक तंतू हवेत तरंगत राहत आणि खाली बसायचं विसरून जात. रविवारी मी तिथे वह्या तपासायला बसे. सुयांचा टिकटिक आवाज, लांबून नदीवरच्या धुण्याचा आवाज. त्यात कित्येकदा मी एकच वही तीनदा तपासली आहे आणि तीन वेळा वेगळे मार्क दिले आहेत.

टीव्हीवरच्या चुका मात्र अक्कांना सहन होत नसत. चहाच्या एका जाहिरातीत एक गोड म्हातारी विणताना दाखवली होती. भजी तळताना झारा धरावा तशी तिने सुई धरली होती. अक्कांनी तो चहा बंद केला. दुकानदाराने कारण विचारलं, तर म्हणाल्या, आधी त्या म्हातारीला शिकवा.

तशा त्या एकट्या नव्हत्या. गावातल्या लोकरीच्या दुकानात येणाऱ्या तीसेक बायकांचा मोबाइलवर एक ग्रुप होता, त्याचं नाव 'सुलट-उलट'. साडेसातच्या मालिकेतल्या आजीबाई पणतूच्या आगमनासाठी टोपडं विणायला बसल्या, तेव्हा सगळा ग्रुप कौतुकाने बघत होता. आजीबाईंच्या हातात दोन लांब सुया होत्या. पाच दिवसांनी टोपडं पुरं झालं, आणि ते क्रोशाचं निघालं. क्रोशाला एकच आकड्याची सुई लागते, हे मलासुद्धा माहीत होतं. त्या संध्याकाळी अक्कांचा मोबाइल थांबायला तयार नव्हता. एका बाईंनी टोपड्याचा फोटो काढून त्यावर लाल गोल केला होता. भुईंजच्या एक बाई आवाज पाठवून सांगत होत्या की हे बघितल्यापासून त्यांचं स्वयंपाकात लक्ष नाही. कुणी म्हणत होतं, दिग्दर्शकाला आई नाही का, बहीण नाही का.

अक्कांनी मला कागद घेऊन बसवलं आणि वाहिनीला पत्र लिहायला लावलं. त्या सांगत होत्या, मी शुद्ध मराठीत करत होतो. 'महोदय, आपल्या मालिकेतील आजी दोन सुयांनी विणायला बसतात आणि त्यातून क्रोशाचे टोपडे निघते. पोळपाटावर पोळी लाटावी आणि तव्यावरून इडली काढावी, तसे हे झाले. शिवाय त्यांची बाजू पहिल्यापासून चुकलेली आहे. तरी उसवावे. कळावे.' पत्राला उत्तर आलं नाही.

ही 'बाजू' काय भानगड आहे, ते मी कधी विचारलं नव्हतं. मला विणण्यातलं काही कळत नाही. ग्रुपमधली एखादी बाई घरी आली आणि पिशवीतून विणकाम काढून बसली, तरी अक्का तिच्या हाताकडे बघून तेच म्हणत. बाजू चुकली. बायका वयाला मान देऊन हसत, अक्कांची काहीतरी जुनी पद्धत असेल म्हणून सोडून देत. त्यामुळे मी असंच धरून चाललो होतो की वाई तालुक्यात सगळ्यांचं विणणं चुकतं. अक्कांचंही मत तेच होतं. त्यांच्या हिशेबाने जगात बरोबर विणणारी माणसं दोनच होती, एक त्या स्वतः आणि दुसरी त्यांची ताई.

ताई म्हणजे सुशीलाताई, अक्कांपेक्षा आठ वर्षांनी मोठ्या, सांगलीला दिलेल्या. अक्कांना विणायला त्यांनीच शिकवलं. दोघींमधलं बोलणं सहा वर्षं बंद होतं. का, ते मला तुकड्यातुकड्याने कळलं.

ताईंना पहिला नातू होणार होता. त्याच्यासाठी त्यांनी स्वेटर विणायला घेतला होता, पुढच्या बाजूला तिरकी चढत जाणारी वेल. अर्ध्यावर असताना त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन निघालं, म्हणून त्यांनी ते विणकाम सुयांसकट वाईला पाठवलं आणि पुरं करायला सांगितलं. अक्कांनी चार ओळी पुढे विणल्या, लांब धरून बघितलं, तर वेल मोडलेली. ताईंची वेल उजवीकडे चढत होती, अक्कांची डावीकडे. अक्कांना ताईंच्या डोळ्यांची दया आली. बिचारीला दिसत नव्हतं, त्यात बाजू चुकली, असं म्हणून त्यांनी ताईंचं सगळं काम खालच्या पट्टीपर्यंत उसवलं आणि पहिल्यापासून नवीन विणलं. बारशाला स्वतः घेऊन गेल्या. ताईंनी स्वेटर हातात घेतला, वेलीवरून बोट फिरवलं आणि भरल्या घरात एवढंच विचारलं, "माझं उसवलंस?" बाळाला दुकानातलं जाकीट घातलं गेलं. अक्का न जेवता परतल्या.

"चूक बी तिची आन् राग बी तिचाच," असं अक्का मला सांगत, आणि अगदी पटल्यासारखं सांगत. पण दिवाळीत भाऊबीजेच्या दुपारी त्या फोनजवळ बसून राहत. त्यांना भाऊ नव्हता. दोघी बहिणीच एकमेकींना ओवाळायच्या, हे मला फार उशिरा समजलं.

एका शनिवारी दुपारी आखूड केसांची एक मुलगी पत्ता विचारत आमच्या दारात आली. ती त्याच मालिकेचं काम बघायची. शूटिंग नदीपलीकडच्या गावात चालू होतं. मोबाइलवरून सगळीकडे फिरलेल्या टोपड्याच्या लाल गोलवाल्या फोटोने त्यांना बराच त्रास दिला होता, आणि आजीबाई आता दुसरं टोपडं विणणार होत्या, म्हणून विणकाम येणारी खरी बाई हवी होती. लोकरीच्या दुकानदाराने अक्कांचं नाव सांगितलं होतं. अक्कांनी आधी पत्राचं उत्तर का नाही ते विचारलं. मुलीला पत्राची काही माहिती नव्हती. मग अक्कांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "सांगलीत दिसती का गं ही मालिका?"

सगळीकडे दिसते, मुलगी म्हणाली. अक्का साडी बदलायला आत गेल्या.

शनिवारची अर्धी शाळा करून मी आलेलोच होतो, म्हणून बरोबर गेलो. गाडीत अक्का खिडकीबाहेर बघत होत्या. पुलावर आल्यावर माझ्याकडे न वळता बोलू लागल्या.

"ताई ही मालिका चुकवत न्हाई. तिच्या सुनंनं लोकरीच्या दुकानातल्या कुनाला तरी फोनवर सांगितलेलं. माझं तोंड दिसू नगं तिला, तोंड बघून टीव्ही बंद करंल. हात दिसूदेत. हात बघून वळखंल. मग फोन करंल."

आजीबाईंचं काम करणाऱ्या बाई फार चांगल्या होत्या. त्यांनी वाकून नमस्कार केला, शिकवा म्हणाल्या. अक्कांनी तासभर शिकवलं, मग त्यांच्या हातातून सुया काढून घेतल्या आणि प्रेमाने सांगितलं की तुमी रडायचं बगा, ते तुमाला झ्याक जमतंय. शेवटी असं ठरलं की तोंड बाईंचं दाखवायचं आणि जवळून हात अक्कांचे. अक्कांच्या मनगटावरचा भाजल्याचा डाग रंगाने झाकला, हिरव्या बांगड्या चढवल्या, खांद्यावर आजीबाईंची शाल दिली. दिवे लागले. अक्का विणू लागल्या, आणि छोट्या पडद्यावर बघत बसलेले दिग्दर्शक थांबा म्हणाले. या डावखुऱ्या आहेत, लांबच्या शॉटमध्ये आजी उजव्या हाताने विणतात, तर यांनाही उजव्या हाताने करायला सांगा.

अक्का शांतपणे म्हणाल्या की बाजू तुमची चुकली.

मी पहिल्यांदाच नीट बघितलं. अक्का जेवतात उजव्या हाताने, पोळ्या लाटतात उजव्या हाताने, सहीही उजव्याच हाताने करतात. विणताना मात्र त्यांची काम करणारी सुई डाव्या हातात होती. इतकी वर्षं त्या उन्हात समोर बसून मला ते दिसलं नव्हतं. दिग्दर्शकांनी समजावलं, मुलीने समजावलं. अक्का ढिम्म. चाळीस माणसं ताटकळत उभी, बाहेरचं ऊन उतरत चाललेलं. शेवटी ती मुलगी दिग्दर्शकांच्या कानाशी लागली आणि त्यांनी मान हलवली. अक्कांना हवं तसं विणू दिलं. नंतर चहा देताना मुलगी मला हळूच म्हणाली, "काळजी करू नका सर. चित्र आरशासारखं उलटं करून घेऊ. कुणाला कळणारही नाही."

कुणाला कळणारही नाही. माझा चहा हातातच राहिला.

येताना मी अक्कांना विचारलं, ताईंनी तुम्हाला शिकवलं कसं. त्या खुलल्या. माहेरच्या ओट्यावर, म्हणाल्या. ताई त्या बाजूला, मी ह्या बाजूला, गुडघ्याला गुडघा लावून. तिचा जो हात जिकडं, माझा बी तिकडंच. जराबी इकडचं तिकडं न्हाई. कवाबी भेटलो तरी तसंच बसायचो. सांगताना त्यांचे हात हवेत विणत होते. मी समोरासमोर बसलेल्या त्या दोन मुली डोळ्यापुढे आणल्या, एकीच्या उजव्या हातासमोर दुसरीचा डावा, आणि माझ्या लक्षात काय ते आलं. पण बोलायचा धीर झाला नाही. त्या इतक्या आनंदात होत्या. पुढचे अकरा दिवस मी रोज सांगू म्हणत होतो आणि रोज वह्यांचा गठ्ठा पुढे ओढत होतो.

तो भाग लागायचा त्या संध्याकाळी अक्कांनी सहालाच जेवण उरकलं. मोबाइल पूर्ण भरून शेजारी पाटावर ठेवला. मालिका सुरू झाली. आजीबाई खुर्चीत बसल्या, सुया उचलल्या, आणि अक्कांनी आवाज बंद केला. मग पडदाभर हात आले. हिरव्या बांगड्या, करडी लोकर, आणि उजव्या हातातली सुई एका लयीत पुढे मागे होत होती. पाण्यावर बोट फिरवावं इतकं हलकं ते चाललं होतं. दहाबारा सेकंद असतील. मग जाहिरात लागली.

अक्का पुतळ्यासारख्या बसल्या होत्या.

"ही ताई हाय," त्या म्हणाल्या. "करंगळी बग कशी वर ऱ्हाती. मास्तर, ह्यांनी सांगलीला जाऊन तिचं हात घेतलं व्हय रं?"

मग मला सगळं सांगावं लागलं. ते हात तुमचेच, फक्त आरशासारखे फिरवलेत. अक्कांना पटेना. त्यांनी आपलं चालू विणकाम उचललं आणि आतल्या लोखंडी कपाटाच्या आरशापुढे जाऊन उभ्या राहिल्या. मी दारात थांबलो. त्या विणू लागल्या. स्वतःच्या हाताकडे बघेचनात, नजर सगळी आरशात. एक ओळ झाली, दुसरी झाली. टीव्हीचा निळसर उजेड आत येऊन आरशावर हलत होता आणि आरशात हिरव्या बांगड्या नसलेली ताई विणत होती. अक्कांचे ओठ हलत होते, टाके मोजत होत्या की काही बोलत होत्या ते मला ऐकू आलं नाही. तिसऱ्या ओळीला हात मंदावले आणि थांबले.

"म्हंजी तिची वेल बरोबर हुती," अक्का म्हणाल्या.

त्यांनी आरशाकडे पाठ केली.

"बाजू माझी चुकली. लहान हुते तवापास्नं." मग त्यांनी सुया लोकरीत खोचल्या. "आन् तिला तर वाटलं असंल, बाई तिच्यावानीच विनती. माझी वळख कशी पटावी तिला."

फोन पाटावर तसाच पडला होता. वाजला नव्हता, आणि आता अक्का त्याच्याकडे बघतही नव्हत्या. त्यांनी टीव्ही बंद केला, पाट भिंतीला टेकवला आणि सांगलीची सकाळची पहिली गाडी कधी आहे ते विचारलं.

मी रजा टाकली. सबंध वाटेत अक्का विणल्या नाहीत. साताऱ्याला मी चहा आणला तो त्यांनी घेतला, उंब्रजला ऊस भरलेल्या ट्रॉल्यांमागे गाडी अर्धा तास अडकली तेव्हाही त्या काही म्हणाल्या नाहीत. एरवी त्यांनी अख्खा रस्ता उसवायला लावला असता.

सुशीलाताईंनी स्वतःच दार उघडलं. उंच, सडसडीत, जाड भिंगाचा चष्मा. अक्कांकडे बघून त्या बाजूला झाल्या आणि आत या म्हणाल्या, जणू आम्ही बाजारातून परत आलो होतो. पाणी दिलं. गाडीला गर्दी होती का ते विचारलं. घरात दुसरं कुणी नव्हतं. मग अक्कांना सोडून त्या माझ्याशीच बोलू लागल्या. काल मालिकेत एक बाई विणताना दाखवली, म्हणाल्या, हुबेहूब माझ्यावानी. करंगळीसुद्धा. मी म्हनलं, हिला कुनी शिकवलं असंल.

"तूच की," अक्का म्हणाल्या.

ताई वळल्या. अक्कांनी त्यांना शूटिंगचं सांगितलं, आरशाचं सांगितलं, ओट्यावरचं सांगितलं. सांगताना घाई करत होत्या, मध्येच मागे जाऊन पुन्हा पुढे येत होत्या. शेवटी थांबल्या आणि खाली फरशीकडे बघून म्हणाल्या, "ताई, तुझी वेल बरोबर हुती. मी उसवाय नगं हुती."

ताईंनी चष्मा काढून पदराने पुसला. बराच वेळ पुसला.

"उसवल्याचं न्हाई गं मला," त्या म्हणाल्या. "लोकर हाय, उसवायचीच. पन इचारलं न्हाईस. एक फोन करून इचारायचं हुतंस, ताई अशी का केलीस म्हनून. मला दिसत न्हाई असंच धरलंस तू."

अक्का मान हलवत राहिल्या. मी उठून खिडकीपाशी गेलो आणि सांगलीचा रस्ता बघू लागलो. त्या रस्त्यावर बघण्यासारखं काही नव्हतं.

मागून ताईंचा आवाज आला. नातू आता पहिलीत हाय, म्हणत होत्या. जुना स्वेटर काय त्याच्या हाताला बी याचा न्हाई. पाचला येतंय शाळंतनं. आलं की माप घे त्याचं, आन् ह्या बारीला वेल कुटल्या अंगाला न्यायची ते आधी दोघी मिळून ठरवू.

आमची परतीची गाडी तीनची होती. मी घड्याळाकडे बघितलं, मग अक्कांकडे. त्यांनी पिशवीतून मापाची टेप काढली होती, आणि ती मांडीवर ठेवून त्या दाराकडे तोंड करून बसल्या होत्या. नुकते कुठे साडेबारा वाजले होते.